पुस्तकातली पेशी शरीरात कुठेच नाहीये

अकरावीच्या बायोलॉजीच्या पुस्तकात ती एक आकृती असते ना, गोलसर पेशी, मधोमध जांभळा न्यूक्लियस, बाजूला दोनचार मायटोकाँड्रिया, एक गॉल्जी, थोडी आंतर्द्रव्यजालिका, एखादा लायसोसोम, सगळ्यांना बाण काढून नावं दिलेली. चवथीला गावी गेले तेव्हा भाची तीच आकृती पुढ्यात घेऊन बसली होती, ह्याचं काम काय त्याचं काम काय असं एकेक ओळ पाठ करत, आणि मधेच मला विचारलं, "मावशी, तुझ्या मायक्रोस्कोपात अशीच दिसते ना गो पेशी?" घरात माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधायची गडबड चाललेली, त्यात नीट सांगणं झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

तर नाही, अशी दिसत नाही. मी गोव्यात म्हापशाला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्ताच्या स्लाईडी बघण्यात माझा दिवस जातो, आणि पुस्तकातल्या त्या आकृतीसारखी पेशी मला कधीच भेटली नाही, कारण ती शरीरात कुठेच नसते. ती सगळ्यांची मिळून एक सरासरी काढलेली आहे. खरी पेशी आपल्या कामाला जे लागतं ते भरपूर ठेवते, जे लागत नाही ते कमी करते, काही तर सरळ बाहेर फेकून देतात. आणि हे समजलं की रिपोर्टवरचे ते रुक्ष आकडे एकदम वाचता यायला लागतात, कुठला आकडा कुठल्या ऑर्गनेलची, म्हणजे पेशीतल्या कुठल्या भागाची, खबर देतोय ते कळतं. मला ह्या कामात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

आधी स्लाईड कशी होते ते सांगते. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (तिच्यात रक्त गोठत नाही), त्यातला एक थेंब काचेच्या एका टोकाला, दुसरी काच तिरकी धरून थेंबाला टेकवायची, रक्त तिच्या कडेने पसरलं की एका दमात पुढे ओढायची. हात थांबला की पट्टे पडतात. चांगला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ होत होत संपतो, आणि त्या पातळ भागाच्या जरा अलीकडे पेशी एकमेकींवर न चढता सुट्या सुट्या बसतात, तिथेच बघायचं. वाळला की लिशमन स्टेन, मग बफर, मग धुवून तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली. ह्या स्टेनमध्ये दोन तऱ्हेचे रंग असतात, एक निळा, जो डीएनए आरएनएसारख्या आम्लधर्मी गोष्टींना चिकटतो, आणि एक गुलाबी इओसिन, जो हिमोग्लोबिनला धरतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं डोळ्यांनी वाचता येतं, म्हणजे निळं दिसलं तर तिथे न्यूक्लियस आहे नाहीतर रायबोझोम (प्रोटीन बनवणारे बारीक कण) आहेत, गुलाबी दिसलं तर हिमोग्लोबिन.

फील्डमध्ये सगळीकडे दिसतात त्या लाल पेशी. गुलाबी चकत्या, मधे फिकट, आणि आत काहीच नाही. न्यूक्लियस नाही, मायटोकाँड्रिया नाही, गॉल्जी नाही, रायबोझोमसुद्धा नाही. आता गंमत बघा, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त ह्या लाल पेशीच, म्हणजे आकड्याने बघितलं तर आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना न्यूक्लियसच नाही! अकरावीच्या पुस्तकातली आकृती जिला लागू होत नाही तीच पेशी सगळ्यात जास्त आहे.

पण ती जन्मतः अशी नसते. हाडांच्या मज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये ती सुरुवातीला अगदी साग्रसंगीत असते, मोठा न्यूक्लियस, रायबोझोम खच्चून भरलेले त्यामुळे रंग गडद निळा. मग ती हिमोग्लोबिन बनवायला लागते आणि निळ्याची हळूहळू करडी, करड्याची गुलाबी होत जाते. न्यूक्लियस आक्रसतो, आणि शेवटी ती त्याला बाहेर ढकलून देते, बाजूलाच मॅक्रोफेज नावाची सफाई करणारी पेशी बसलेली असते ती तो गिळून टाकते. उरलेले मायटोकाँड्रिया पेशी स्वतःच पचवते. जी पेशी रक्तात येते तिच्यात थोडे रायबोझोम अजून शिल्लक असतात, तिला रेटिक्युलोसाईट म्हणतात, वेगळा स्टेन केला की आत निळी जाळी दिसते, आणि एक दोन दिवसात तीही जाते. डॉक्टर रेटिक काउंट लिहून देतात तो ह्याचसाठी, मज्जा नव्या पेशी बनवतेय की नाही हे त्या उरल्यासुरल्या रायबोझोमवरून कळतं. (आणि व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू नेमका ह्याच कोवळ्या पेशी शोधून शिरतो, पावसाळ्यात त्या स्लाईडी आम्ही जरा जास्तच वेळ बघतो.)

एवढं सगळं फेकून द्यायचं कशाला? एक तर जागा. एका लाल पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात, तिथे बाकीच्या सामानाला जागा ठेवून परवडत नाही. दुसरं म्हणजे लवचिकपणा, पेशी ७-८ मायक्रॉनची आणि काही केशवाहिन्या तिच्यापेक्षा अरुंद, त्यातून दुमडून वाकून जायचं तर मधे न्यूक्लियसची गाठ नको. आणि तिसरं कारण मला सगळ्यात सुंदर वाटतं. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीची ऊर्जा बनवणारी केंद्रं, आणि ते ऑक्सिजन वापरतात. लाल पेशीत ते असते तर जो ऑक्सिजन पोचवायचा तोच वाटेत संपवत गेले असते. आमच्याकडे सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो, पाटीतला एक पाव स्वतः न खाता दारोदार पोचवतो, तसं आहे हे. लाल पेशी स्वतःपुरती ऊर्जा ऑक्सिजनशिवाय, नुसती ग्लुकोज फोडून मिळवते, त्यात फार थोडं एटीपी (पेशी ज्या रूपात ऊर्जा वापरते ते) मिळतं पण तिला तेवढं पुरतं.

ह्याची किंमतही मोजावी लागते. न्यूक्लियस नाही म्हणजे हुकूम नाही, रायबोझोम नाही म्हणजे नवीन प्रोटीन नाही, म्हणजे जे झिजलं ते झिजलं. साधारण १२० दिवस ती चालते, मग ताठर होते, प्लीहेतल्या बारीक फटींतून जाता येत नाही आणि तिथेच तिचा शेवट. तेवढ्याच नव्या बनत राहाव्या लागतात, मज्जा सेकंदाला वीस लाखांच्या वर पेशी सोडते, तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर झाल्या असतील.

आता हे १२० दिवस गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या ओळखीचे आहेत, फक्त लोकांना तसं माहीत नसतं. तीन महिन्यांची शुगर म्हणून जी टेस्ट करतात, एचबीएवनसी, ती ह्याच्यावरच उभी आहे. रक्तात साखर जास्त असली की ती हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते, आणि लाल पेशी ते हिमोग्लोबिन बदलू शकत नाही, तिच्याकडे नवीन बनवायचं साहित्यच नाही, त्यामुळे चिकटलेली साखर ती मरेपर्यंत तशीच राहते. म्हणजे आदल्या दिवशी जेवण सोडून आलात म्हणून हा आकडा उतरत नाही. टेस्टला येणाऱ्या आज्या विचारतात "बाय, कितलें आयलें?" आणि कमी आलं की काय आनंद होतो त्यांना! पण एक गोष्ट सांगायला हवी, कुठल्याही कारणाने लाल पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकताच खूप रक्तस्राव झाला असेल तर पेशी तरुण असतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आकडा खोटाच कमी दिसतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो थोडा वर जाऊ शकतो. म्हणून एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिन बघायचंच, नुसता एक आकडा घेऊन आनंद करू नये की घाबरू नये. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) देशभरातल्या डायबिटीसचा जो अभ्यास आला त्यात गोवा सगळ्यात वर होता, २६.४ टक्के, म्हणजे चारातल्या एकाहून जास्त मोठ्या माणसांना डायबिटीस. एवढी लोकं जो आकडा दर तीन महिन्यांनी बघतात तो कशावर चालतो हे सगळ्यांना माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि डायबिटीसवरून आलंय तर दुसरी पेशी घेते, लाल पेशीच्या अगदी उलट टोकाची. स्वादुपिंडातली, इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी. ही मला स्लाईडवर दिसत नाही, तिला बघायला टिश्यू कापावा लागतो, पण पुस्तकातली ती सगळी नावं एका रांगेत कामाला लागलेली बघायची असतील तर हिच्यासारखी दुसरी नाही.

न्यूक्लियसमधून इन्सुलिनचा निरोप आरएनएवर लिहून बाहेर येतो. रायबोझोम तो वाचून ११० अमिनो आम्लांची साखळी विणतात, विणता विणताच ती खरबरीत आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, आत सरकवली जाते आणि पुढचा तुकडा, जो फक्त आत शिरायचा पत्ता होता, तो कापला जातो. राहिली ८६. आत तिला घडी घातली जाते, सल्फरच्या तीन गाठी योग्य जागी मारल्या जातात, गाठी चुकल्या तर माल पुढे जात नाही, परत मोडीत. मग गॉल्जी, पेशीचं पॅकिंग खातं, तिथून छोट्या पिशव्या सुटतात, आणि पिशवीच्या आत मधला तुकडा कापून वेगळा होतो. उरतं ते ५१ अमिनो आम्लांचं खरं इन्सुलिन, आणि कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाईड. इन्सुलिन जस्ताबरोबर बारीक स्फटिक होऊन पिशवीत तयार बसतं, सी-पेप्टाईड पण त्याच पिशवीत. दोघं बाहेर पडतात ते एकास एक प्रमाणात. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाईड नसतं, म्हणून इंजेक्शनं चालू असलेल्या माणसाचं स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय हे बघायचं तर सी-पेप्टाईड मोजतात. गॉल्जीनंतरच्या पिशवीत झालेली ती एक कापाकापी, आणि आमच्याकडे तिची वेगळी टेस्ट आहे!

पिशव्या सोडायच्या कधी हे ठरवतात कोण, तर मायटोकाँड्रिया. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी परत परत वाचलं होतं. जेवल्यावर ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं, मायटोकाँड्रियात जळतं, एटीपी वाढतं. पेशीच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणावर, पोटॅशियम बाहेर सोडणारं एक दार असतं ते एटीपी वाढलं की बंद होतं, पोटॅशियम आत अडकल्याने पटलावरचा विद्युतभार बदलतो, त्याने कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसलं की पिशव्या पटलाला जाऊन चिकटतात आणि फुटून इन्सुलिन रक्तात. म्हणजे वेगळं मीटर कुठलं नाहीच, साखर जळून जी ऊर्जा झाली तीच निरोप. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड ह्या गोळ्या तुमच्या घरात कुणी ना कुणी घेत असेल, त्या ह्याच पोटॅशियमच्या दाराला परस्पर बंद करतात. साखर कमी असली तरी करतात, म्हणून त्या गोळ्या घेऊन न जेवता राहिलं तर शुगर धाडकन खाली येते. आता उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा असं आम्ही का सांगतो ते कळलं असेल.

गॉल्जी डोळ्यांनी बघायचा असेल तर मात्र रक्तात कधीतरी सापडणारी प्लाझ्मा सेल बघा. अँटिबॉडी बनवणं हे तिचं एकच काम. तापात वगैरे एखादी रक्तात येते, एरवी मॅरोच्या स्लाईडवर. अंडाकृती, न्यूक्लियस एका बाजूला सरकलेला, बाकीचा भाग गडद निळा, कारण आंतर्द्रव्यजालिकेवर रायबोझोमच रायबोझोम. आणि त्या गडद निळ्यात, न्यूक्लियसला लागून, एक फिकट जागा, जशी कोणी रंग भरायचा राहिला असावा. तिथे रंग नाही कारण तिथे रायबोझोम नाहीत. तो गॉल्जी. कॅमिलो गॉल्जीने १८९८ मध्ये चांदीच्या स्टेनने चेतापेशींत तो पहिल्यांदा दाखवला आणि पुढे कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले की ही स्टेनची करामत आहे, असं काही नसतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर वाद मिटला. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला ती फिकट जागा पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून मला गॉल्जीचं काम पाठ करावं लागलं नाही.

पांढऱ्या पेशींचं थोडक्यात. न्यूट्रोफिलचा न्यूक्लियस दोन ते पाच भागांत तुटक, मधे बारीक धागे, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीतून पिळून निघायला सोपं. पाचाच्या वर भाग दिसायला लागले की बी-ट्वेल्व किंवा फॉलिक ॲसिड कमी आहे का बघायचं. बायकांच्या रक्तात काही न्यूट्रोफिलच्या न्यूक्लियसला एक छोटी गाठ लटकलेली दिसते, ते बंद करून ठेवलेलं एक एक्स गुणसूत्र! आणि रक्तातून डीएनए टेस्ट होते ती ह्या पांढऱ्या पेशींच्या जिवावर, लाल पेशींत डीएनए आहेच कुठे.

आता लिव्हर. गोव्यात लिव्हरबद्दल बोलताना दारूबद्दल बोलावंच लागतं, आणि मी ते कुणाला टोचायला बोलत नाहीये. फेणीतलं अल्कोहोल लिव्हरच्या पेशीत गेलं की पेशीद्रवातलं एक एन्झाईम त्याचं ॲसिटाल्डिहाईड करतं, जे अल्कोहोलपेक्षा विषारी. ते लगेच मायटोकाँड्रियात जाऊन साधं ॲसिटेट होतं. थोडंसं काम पेरॉक्सिसोम नावाच्या छोट्या पिशव्या करतात. रोज पिणाऱ्याच्या पेशीत आणखी एक रस्ता उघडतो, गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका अक्षरशः वाढते, तिच्यावरची एन्झाईम्स वाढतात. लोक म्हणतात त्याला आता चढत नाही, त्यात मेंदूची सवय असतेच, पण एक भाग हा पण. पण तीच वाढलेली एन्झाईम्स पॅरासिटामॉलच्या गोळीतून एक घातक पदार्थ जास्त बनवतात, म्हणून रोज पिणाऱ्या माणसाने डोकं दुखलं की मनाने गोळ्या घेत राहू नये, डॉक्टरला पिण्याबद्दल खरं सांगून डोस विचारावा. हे मी कळकळीने सांगतेय.

दारूने मायटोकाँड्रियाही मार खातात, आणि ते रिपोर्टवर दिसतं. एसजीपीटी हे एन्झाईम मुख्यतः पेशीद्रवात असतं, एसजीओटी पेशीद्रवात पण आणि मायटोकाँड्रियात पण. दारूने लिव्हरला सूज आली की बरेचदा एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीच्या वर जातं. एक कारण हे की फुटलेल्या मायटोकाँड्रियातलं एसजीओटी बाहेर येतं, दुसरं म्हणजे पिणाऱ्यांत बी-सिक्स कमी पडतं आणि त्याच्याशिवाय एसजीपीटी मंदावतं. साध्या काविळीत बहुधा उलटं, एसजीपीटी जास्त. निदान डॉक्टरच करणार, पण दोन आकडे शेजारी ठेवून पेशीच्या कुठल्या खणापर्यंत नुकसान गेलंय ह्याचा अंदाज येतो हे केवढं मोठं आहे!

लायसोसोमचा, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशवीचा, शोध पण लिव्हरमधूनच लागला. बेल्जियममध्ये ख्रिश्चन द दुव्ह उंदरांच्या लिव्हरवर इन्सुलिन कसं काम करतं ते शोधत होता. १९४९ ची गोष्ट. त्याच्या नमुन्यात एक आम्ल फॉस्फटेज नावाचं एन्झाईम अपेक्षेपेक्षा फारच कमी भरलं. नमुना फ्रीजमध्ये राहिला, काही दिवसांनी परत मोजलं तर कितीतरी वाढलेलं. कुठून आलं? तर ते आधीपासून होतंच, एका पटलाच्या पिशवीत बंद, पिशव्या फाटल्या तेव्हा मोजता आलं. १९५५ मध्ये त्याने नाव दिलं लायसोसोम, १९७४ ला नोबेल. आमच्याकडे नमुना फ्रीजमध्ये राहून आकडा बदलला तर आम्ही तो रद्द करतो, आणि बरोबरच करतो, पण ह्या माणसाने विचारलं बदलला का, आणि त्यातून पेशीचा एक अख्खा भाग सापडला.

शेवटी प्लेटलेट, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या, कारण डेंगीच्या दिवसांत सगळा गोवा ह्यांचा आकडा विचारत असतो. ह्या पण पूर्ण पेशी नाहीत, मॅरोतल्या मेगाकॅरिओसाईट नावाच्या अवाढव्य पेशीचे तुटलेले तुकडे, न्यूक्लियस नाही, पण मायटोकाँड्रिया आहेत. आणि एवढ्या एका फरकाने ब्लड बँकेचं सगळं गणित बदलतं. लाल पेशी २ ते ६ डिग्रीत थंड ठेवल्या की नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस राहतात, त्यांना श्वास लागतच नाही. प्लेटलेट २० ते २४ डिग्रीत, हवा आरपार जाईल अशा प्लास्टिकच्या पिशवीत, एका हलत्या ट्रेवर सतत डोलवत ठेवाव्या लागतात, कारण आतल्या मायटोकाँड्रियांना ऑक्सिजन हवा असतो, डोलवणं थांबलं तर आम्ल साठून त्या मरतात. थंडही करता येत नाहीत, आकार बदलून रुग्णाच्या शरीरातून लगेच बाद होतात. एवढं करून टिकतात पाच दिवस. म्हणजे जूनमध्ये रक्तदान शिबिर घेऊन सप्टेंबरच्या डेंगीसाठी प्लेटलेट साठवून ठेवता येत नाहीत, त्या त्या आठवड्यात कोणीतरी येऊन द्याव्याच लागतात, तेव्हा ब्लड बँकेतून भर पावसात फोन आला तर तो ह्या कारणाने आलेला असतो, जमत असेल तर जा.